फाशाचे दान आणि मुलाचा निर्णय
(‘माची कोरो’ या नगर वसविण्याच्या पत्तेखेळावरील गणितपाठ : इयत्ता चौथी व पाचवी)

शाळेच्या आवारात पत्त्यांचा खेळ चालला आहे असे कानी येताच पालकांच्या कपाळावर आठी उमटते. आणि ती अगदीच अकारण आहे असे म्हणता येणार नाही. पत्ते आणि फासे या दोन वस्तूंनी पुष्कळ घरे बुडविलेली आहेत. तथापि महाभारताच्या वनपर्वात नळराजाने द्यूतात राज्य घालविल्याची जी कथा आहे, तिच्यातच ते राज्य त्याला परत मिळते, आणि तेही फाशांवरच. मधल्या काळात नळाला लाभले काय? ऋतुपर्ण राजाने धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानाफळांची संख्या सांगितली. नळाने रथ थांबवून फळे मोजली, ती तंतोतंत भरली. मग ऋतुपर्णापासून त्याने अक्षविद्या शिकून घेतली. फाशापाशी हरलेला मनुष्य गणनेपाशी सावरला. प्रस्तुत पाठात हीच गणना मुलांच्या हाती द्यावयाची आहे. खेळात पैसा लावण्याचा प्रश्नच नाही. नाण्यांच्या जागी चिंचोके वापरावयाचे आहेत. ही गोष्ट पाठ सुरू करण्यापूर्वी पालकसभेत स्पष्ट सांगून टाकावी, म्हणजे मागाहून खुलासे करीत बसावे लागत नाही.

खेळाची ओळख

‘माची कोरो’ हा खेळ जपानमधील मासाओ सुगानुमा यांनी रचिला व तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. जपानी भाषेत माची म्हणजे गाव किंवा नगर. कोरो हे फाशाला असलेल्या ‘सायकोरो’ या शब्दाचे शेपूट. जर्मनीत दरवर्षी उत्तम खेळाची निवड करून ‘श्पील देस यारेस’ नावाचे पारितोषिक देण्यात येते. त्यासाठी २०१५ साली अंतिम निवडीत जे तीन खेळ होते त्यांत हा एक होता. दोन ते चार जणांनी खेळावयाचा हा खेळ असून त्यात १०८ पत्ते, दोन फासे आणि नाणी असतात.

प्रत्येकाजवळ आरंभी एक गव्हाचे शेत, एक बेकरी आणि ३ नाणी असतात. त्याच्यासमोर चार मोठ्या वास्तूंचे पत्ते पालथे असतात : रेल्वे स्थानक (किंमत ४ नाणी), बाजारसंकुल (१०), करमणूक उद्यान (१६) आणि नभोवाणीचा मनोरा (२२). एकूण ५२ नाण्यांच्या या चारही वास्तू जो प्रथम उभारील तो जिंकला. पाळी आली की फासा टाकावयाचा, पडलेल्या दानाप्रमाणे ज्याचे त्याला उत्पन्न द्यावयाचे, आणि मग हाती असलेल्या नाण्यांतून इच्छा असल्यास एकच पत्ता विकत घ्यावयाचा किंवा एकच वास्तू उभारावयाची. एका पाळीत एकच, हा नियम लहान दिसला तरी खेळाचा प्राण त्यात आहे. मुलाला निवड करावीच लागते.

पत्त्यांच्या रंगांवरून उत्पन्नाची रीत ठरते. निळ्या पत्त्याचे उत्पन्न कोणीही दान टाकले तरी सामाईक पेढीतून मिळते. हिरवा पत्ता आपल्याच दानावर फळतो. तांबडा पत्ता दुसऱ्याच्या दानावर फळतो व त्याचे पैसे दान टाकणाऱ्याने द्यावयाचे असतात. त्याच्याजवळ पुरेसे नसतील तर असतील तेवढे द्यावयाचे, बाकीचे सुटले. जांभळे पत्ते आपल्या दानावर इतरांकडून वसुली करतात. वर्गात पहिल्या खेपेस जांभळे पत्ते वगळावेत. ते सहाच्या दानावर चालतात, त्यामुळे एका फाशाच्या खेळात सहा पडले तर कोणालाच काही मिळणार नाही. मुले ही तक्रार करतीलच, तिला घाबरू नये.

पूर्वतयारी

विकतचा संच नसेल तेथे जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांतून पत्ते कापावेत. वर्गपाठाला पुढील आठ प्रकार पुरेत : गव्हाचे शेत (दान १, किंमत १, उत्पन्न १, निळे), गोठा (दान २, किंमत १, उत्पन्न १, निळा), बेकरी (दान २ किंवा ३, किंमत १, उत्पन्न १, हिरवी), कॉफीगृह (दान ३, किंमत २, दुसऱ्याकडून १, तांबडे), किरकोळ दुकान (दान ४, किंमत २, उत्पन्न ३, हिरवे), जंगल (दान ५, किंमत ३, उत्पन्न १, निळे), चीजचा कारखाना (दान ७, किंमत ५, प्रत्येक गोठ्यामागे ३, हिरवा) आणि मंडई (दान ११ किंवा १२, किंमत २, प्रत्येक शेतामागे २, हिरवी). प्रत्येक प्रकाराचे सहा पत्ते, आरंभीची चार शेते व चार बेकऱ्या, आणि प्रत्येक मुलाला स्थानक व बाजारसंकुल असे दोन, मिळून एका गटास ६४ पत्ते लागतात. चारही वास्तूंचा पूर्ण खेळ एका तासात आटोपत नाही. म्हणून स्थानक व बाजारसंकुल या दोनच वास्तू, म्हणजे १४ नाण्यांचे लक्ष्य ठेवावे. मुलांनी गव्हाऐवजी ज्वारी आणि जंगलाऐवजी आमराई लिहिली तर लिहू द्यावी. आकडे मात्र बदलू नयेत, कारण त्यांचा एकमेकांशी तोल साधलेला आहे.

फासे मात्र विकतचेच आणावेत. मातीचा किंवा खडूचा हातांनी घडविलेला फासा एखाद्या अंगाला जड होतो, आणि मग पुढची सारी गणना फसते. कवड्यांनीही काम भागणार नाही. कवडीची पाठ आणि पोट सारख्या घडणीची नसतात. प्रत्येक गटास दोन फासे द्यावेत व ते शक्यतो भिन्न रंगांचे असावेत. त्याचे कारण पुढे येईल.

पहिला तास : एक फासा

पुष्कळ मुलांची अशी पक्की समजूत असते की फाशावर सहा क्वचितच पडतो. लुडोत सोंगटी बाहेर काढण्यासाठी सहाची वाट पाहत बसावे लागते, त्या वाट पाहण्यातून ती जन्मलेली आहे. ‘नाही, सर्व आकडे सारखेच पडतात’ असे सांगून ती जात नाही. प्रत्येक गटाने ६० दाने टाकून रेघोट्या माराव्यात व आठ गटांची बेरीज फळ्यावर मांडावी; मुले स्वतःच गप्प होतात.

यानंतर खेळ सुरू करावा व पहिल्या दहा मिनिटांनी थांबवून एक प्रश्न विचारावा : एक नाणे देऊन आणखी एक शेत घ्यावे की आणखी एक बेकरी? बेकरी दोन दानांवर फळते आणि शेत एकाच, म्हणून बहुतेक हात बेकरीकडे जातील. आता हिशोब मांडावयाचा. गटात चार मुले आहेत. प्रत्येकाच्या सहा पाळ्या झाल्या म्हणजे एकूण २४ दाने पडली. त्यांत एक हा आकडा सरासरीने ४ वेळा येईल, आणि शेत कोणाच्याही दानावर फळत असल्याने ४ नाणी देईल. बेकरी फक्त आपल्या ६ दानांवर फळणार. त्यांत दोन किंवा तीन पडण्याचे प्रसंग सरासरीने २, म्हणून नाणीही २. शेत दुप्पट फळते. हाच खेळ दोघांनीच खेळला तर एकूण दाने १२, त्यांत एक येणार २ वेळा. शेत आणि बेकरी बरोबरीला येतात. वस्तू तीच, किंमत तीच. बरोबर किती जण बसले आहेत यावर तिचे मोल बदलले. चौथीच्या मुलाला हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यासाठी पुढचा घटक दोन दिवस लांबला तरी चालेल.

किरकोळ दुकानाचाही विचार याच वेळी होऊन जावा. आपल्या सहा दानांत ते सरासरीने एकदाच फळते, पण तीन नाणी देते. थोडे पण वारंवार, की क्वचित पण भरघोस? येथे मुलांचे स्वभाव उघडे पडतात. दोन्ही बाजूंनी बोलू द्यावे.

दुसरा तास : दोन फासे

ज्याने रेल्वे स्थानक उभारले त्याला आपल्या पाळीला एक किंवा दोन फासे टाकण्याची मुभा मिळते. दोन ते बारा असे अकरा आकडे पडू शकतात, तेव्हा सर्व सारखेच पडत असतील असे मुले प्रथम म्हणतील. भिन्न रंगांचे फासे येथे उपयोगी पडतात. तांबड्यावर तीन व पांढऱ्यावर चार हे एक दान, आणि तांबड्यावर चार व पांढऱ्यावर तीन हे दुसरे. एकाच रंगाच्या फाशांत हा भेद डोळ्यांना दिसत नाही व मूल दोहोंना एकच समजते. सहा ओळी व सहा स्तंभांचा तक्ता फळ्यावर काढून त्याच्या ३६ घरांत बेरजा भरून घ्याव्यात. सात हा आकडा ६ घरांत, सहा व आठ प्रत्येकी ५ घरांत, आणि दोन व बारा केवळ एकेका घरात असल्याचे मुलांनाच शोधू द्यावे.

ही चूक बालसुलभ आहे असे समजून कोणी हसू नये. तीन फाशांच्या खेळात नऊपेक्षा दहा अधिक वेळा का पडतो, हा प्रश्न इटलीत जाणत्या खेळाडूंना पडला होता, कारण दोन्ही बेरजा सहा-सहा प्रकारांनीच होतात असे त्यांना दिसत होते. सतराव्या शतकाच्या आरंभी गॅलिलिओने फासे वेगवेगळे धरून मोजणी केली, तेव्हा एकूण २१६ दानांपैकी नऊची २५ व दहाची २७ निघाली.

तक्ता झाल्यावर प्रत्यक्ष दाने टाकून पाहावीत. एका गटाची ३६ दाने घेतली तर ती तक्त्याशी जुळतीलच असे नाही. एखाद्या गटात बारा तीनदा पडतील आणि सात दोनदाच. अशा वेळी हातून एक मोह होण्याचा संभव असतो. तक्त्याप्रमाणे यावे म्हणून दाने पुन्हा टाकावयास सांगणे किंवा रेघोट्यांत हलकेच दुरुस्ती करणे, यांपैकी काहीही करू नये. आठ गटांची २८८ दाने एकत्र केली की सातच्या रांगेत ४८ च्या आसपास आणि बाराच्या रांगेत ८ च्या आसपास रेघोट्या दिसतील. नेमक्या तेवढ्याच दिसणार नाहीत, आणि दिसल्या नाहीत हेही मुलांनी पाहावयास हवे.

येथून खेळाला रंग चढतो. दोन फाशांत एक हे दान पडूच शकत नाही. म्हणून शेजाऱ्याने स्थानक बांधून दोन फासे टाकावयास आरंभ केला की आपले गव्हाचे शेत त्याच्या पाळीपुरते मुके होते. गोठाही जवळजवळ मुका होतो, कारण दोन हे दान ३६ त एकदाच. मग गोठे फुकट गेले काय? तर नाही, सात पडले की चीजचा कारखाना प्रत्येक गोठ्यामागे तीन नाणी देतो. तीन गोठ्यांवर नऊ नाणी झाली. पण तीन किरकोळ दुकाने असली तर एका फाशावर चार पडताच नऊच नाणी मिळतात, आणि चार पडण्याचा संभवही सातइतकाच, म्हणजे सहातून एक. दुकानांना खर्च ६ नाणी; तीन गोठे व कारखाना यांना ८. असे असता कारखाना घ्यावाच का? पाचवीच्या चलाख गटाला हा प्रश्न देऊन शिक्षकाने बाजूला व्हावे. आणखी दोन दुकाने घेतली तर ४ नाण्यांत सहाची भर पडते, आणखी एक कारखाना घेतला तर ५ नाण्यांत नऊची, येथपर्यंत मुले स्वतः पोचतात. गुणोत्तराचा पाठ इतक्या राजीखुशीने क्वचितच होतो.

फळ आणि निर्णय

आता या पाठातील सर्वांत अवघड जागा. दुसऱ्या तासाच्या अखेरीस पुढील प्रसंग थोड्याफार फरकाने घडतोच. एका मुलीने विचारपूर्वक तीन गोठे जमविले, स्थानक उभारले, पैसे साठवून चीजचा कारखाना घेतला. तिच्या समोरच्या मुलाजवळ दोनच शेते आहेत. त्याने, चित्र आवडले म्हणून, मंडई घेतली. मुलगी सहा वेळा दोन फासे टाकते, सात एकदाही पडत नाही. मुलगा दान टाकतो आणि बारा पडतात. त्या चार नाण्यांनी त्याचे बाजारसंकुल पुरे होते, तो जिंकतो, गट टाळ्या वाजवितो. ‘मला माहीतच होतं बारा पडणार,’ असे तो म्हणतो. मुलगी पत्ते गोळा करू लागते.

या क्षणी शिक्षकाच्या तोंडून ‘शाबास’ कोणासाठी निघते यावर दोन दिवसांच्या श्रमाचे बरेवाईट अवलंबून आहे. मोजून पाहावे. तिच्या ३६ दानांत सात सरासरीने ६ वेळा येऊन ५४ नाणी मिळतील. त्याच्या ३६ दानांत अकरा किंवा बारा ३ वेळा येऊन १२. (शेते सहा-सात असती तर मंडईसारखा स्वस्त व उत्तम पत्ता नाही, हेही सांगितले पाहिजे, दोष पत्त्याचा नाही.) पाचच्या किमतीला ५४ आणि दोनच्या किमतीला १२, यात कोणी अधिक चांगले निवडले याबद्दल शंका राहत नाही. परंतु सहा दानांत एकदाही सात न पडण्याचा संभव सुमारे एक तृतीयांश आहे. तिच्यासारखाच योग्य विचार केलेल्या तीन मुलांपैकी एकाला सहा पाळ्यांत काहीही मिळणार नाही. उलट सहा दानांत निदान एकदा अकरा किंवा बारा पडण्याचा संभव पाचांत दोन इतका आहे. म्हणजे असे प्रसंग अपवादाने घडत नाहीत. प्रत्येक वर्गात, प्रत्येक वेळी, एखाद्या तरी गटात घडतात. त्या मुलीला सावरले नाही तर ती एवढेच शिकून जाईल की मोजण्यात अर्थ नाही. गणिताला भिणारी मुले कोठून येतात याचा शोध घेताना अशा क्षणांकडेही पाहावे लागेल.

यावर एक साधा उपाय योजावा. पत्ता विकत घेताना, पुढचे दान पडण्यापूर्वी, प्रत्येक मुलाने वहीत एक ओळ लिहावी : हे का घेतले. दान पडल्यानंतर लिहिलेली ओळ ग्राह्य धरू नये. फळ पाहिल्यावर कारण सुचणे सोपे असते, आणि ही सवय मोठ्या माणसांतही पुष्कळ आढळते. खेळ संपल्यावर शिक्षकाने जिंकले कोण हे न विचारता वह्या पाहाव्यात. ‘आवडले म्हणून’, ‘हिने घेतले म्हणून’, ‘एवढेच पैसे होते’ अशा ओळी पहिल्या दिवशी सापडतील. तिसऱ्या दिवशी ‘आम्ही चौघे आहोत म्हणून शेत’ अशी ओळ सापडली तर ती फळ्यावर लिहावी. मग ती लिहिणारे मूल गटात शेवटचे का असेना. या ओळींतील शुद्धलेखन तपासू नये. तपासणी सुरू झाली की मुले विचार करणे सोडून सोपे शब्द शोधू लागतात.

काही निर्णय मात्र दान पडण्यापूर्वीच चूक असतात, आणि तसे स्पष्ट सांगावे. स्थानक न उभारता चीजचा कारखाना घेणारे मूल एकच फासा टाकणार. एका फाशावर सात कधीच पडत नाही. येथे नशिबाची सबब चालू देऊ नये. दैव आणि चूक यांची अशी वाटणी करता येणे हेच या वयात पुष्कळ झाले.

खेळाचे दोषही नजरेआड करू नयेत. चारांच्या गटात तीन पाळ्या नुसते पाहत बसावे लागते. निळ्या पत्त्यांमुळे दुसऱ्याच्या दानाकडे लक्ष राहते हे खरे, तरी चंचल मुले कंटाळतात. अशांकडे पेढी सोपवावी. तांबड्या कॉफीगृहामुळे रडारड होते. ज्याच्याजवळ एकही नाणे उरलेले नाही त्याच्याकडून काही घेता येत नाही हा नियम आधीच दोनदा सांगावा. शिवाय या नगरात रस्ते नाहीत, विहीर नाही, सांडपाण्याची वाट नाही. शेतात पाऊस न पडताही पीक येते. एखादे मूल ‘इथे पाणी कुठून येते?’ असे विचारील. त्याला गप्प बसवू नये. तो प्रश्न परिसर अभ्यासाच्या तासासाठी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावयास सांगावा.

जिंकणाऱ्या-हरणाऱ्यांची यादी भिंतीवर लावू नये. २८८ दानांचा तक्ता मात्र तसाच ठेवावा, आणि पुढील आठवड्यात नवी दाने टाकून त्याच रांगांत भर घालावी. त्या वेळी पत्ते वाटण्यापूर्वी मागील तासाला सहा वेळा सात न पडलेल्या मुलाच्या हाती फासे द्यावेत.